पत्रकाची मागची बाजू

काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयात जमा झालेली अभिप्राय-पत्रके संगणकात चढवण्याचे काम मला सहा आठवड्यांसाठी मिळाले होते. पत्रकावर सात प्रश्न असत, प्रत्येक प्रश्नापुढे ‘अत्यंत समाधानी’पासून ‘अत्यंत असमाधानी’पर्यंत पाच चौकटी असत, आणि ज्या चौकटीत खूण असेल तिचा आकडा तक्त्यातल्या रकान्यात भरायचा, एवढेच ते काम होते. दुसऱ्या आठवड्यात हाती आलेल्या एका पत्रकावर सातही खुणा ‘समाधानी’च्या चौकटीत होत्या. आकडे भरून ते पालथे घालताना मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी दिसल्या: ‘काचेतले भोक फार खाली आहे. वाकून बोलावे लागते. वाकले की आतले ऐकू येत नाही.’ खाली नाव नव्हते, सही नव्हती.

तक्त्यातला शेवटचा रकाना ‘अन्य सूचना’ असा होता आणि त्यात फक्त १ किंवा ० भरायचा होता. सूचना असेल तर १, नसेल तर ०. मी १ भरला. सूचना काय आहे हे लिहायला तक्त्यात जागाच ठेवलेली नव्हती.

दुपारच्या सुट्टीत मी खाली जाऊन ती खिडकी पाहिली. आतला कर्मचारी खुर्चीवर बसलेला होता, त्यामुळे भोक त्याच्या तोंडाच्या उंचीला पाडलेले होते. बाहेरचा माणूस मात्र उभा असे. जो तो आधी उभ्यानेच बोलायला सुरुवात करी, आतून हाताने खूण झाली की एक हात फळीवर टेकवून कमरेत वाके आणि तोंड भोकाशी नेई. बोलून झाले की उत्तर ऐकण्यासाठी मान वळवून कान भोकाशी नेई. तोंड आणि कान एकाच वेळी तिथे नेता येत नाहीत, म्हणून आतल्याचे पहिले दोन-तीन शब्द दरवेळी हुकत आणि प्रश्न पुन्हा विचारावा लागे. एक वृद्ध बाई अशा तीनदा वाकल्या. चौथ्या वेळी त्या वाकल्या नाहीत. त्यांनी आतल्या माणसाकडे पाहून नुसती मान डोलावली, कागद उचलले आणि बाजूला जाऊन रांगेतल्या एका तरुणाला विचारले, ‘काय म्हणाले ते?’

पेन्सिलीने लिहिणाऱ्याने चौदा शब्दांत जे सांगितले होते ते मला अर्धा तास उभे राहिल्यावर दिसले. सात प्रश्नांमधून ते कधीच दिसले नसते. ‘कर्मचाऱ्यांची वागणूक कशी होती?’ या प्रश्नाला त्या बाईंनीही बहुधा ‘समाधानी’वरच खूण केली असती, कारण वागणूक वाईट नव्हतीच. वाईट होती ती काच.

तेव्हापासून ही एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. सरकारी यंत्रणा लोकांचे मत विचारत नाहीत, असे आता कोणी म्हणू शकणार नाही. पत्रके असतात, पेट्या असतात, काम झाल्यावर भ्रमणध्वनीवर संदेश येतो, दाराशी हसऱ्या आणि रडव्या चेहऱ्यांची बटणे असतात. प्रश्न मत विचारण्याचा नाही. लोकांनी सांगितलेले वाक्य ज्याच्या हातात ती काच बदलण्याचा अधिकार आहे त्याच्या टेबलापर्यंत वाक्य म्हणूनच पोचते का, की वाटेतच त्याचा १ होतो, हा प्रश्न आहे.

जुन्या काळातील एका व्यवस्थेत ही वाट फार आखूड होती. १७२१ मध्ये जपानचा शोगुन, म्हणजे प्रत्यक्ष सत्ता हाती असलेला लष्करी प्रमुख, तोकुगावा योशिमुने याने एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, सामान्य माणसांच्या अर्जांसाठी एक पेटी ठेवायला लावली. ती महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी बाहेर ठेवली जाई, तिला कुलूप असे, आणि कुलूप मधल्या कोणी न उघडता ती शोगुनसमोर नेली जाई. अर्जावर नाव आणि पत्ता लिहावा लागे. त्या पेटीत ओगावा शोसेन नावाच्या एका वैद्याचा अर्ज आला: ज्यांना औषधपाणी परवडत नाही आणि ज्यांची शुश्रूषा करायला घरी कोणी नाही अशांसाठी एक रुग्णालय हवे. पुढच्याच वर्षी, १७२२ मध्ये, कोइशिकावा येथे ते रुग्णालय उभे राहिले आणि जवळपास दीड शतक चालले. त्या राज्यव्यवस्थेची थोरवी मला सांगायची नाही. एका माणसाच्या मर्जीवर चाललेली ती सत्ता होती. पण अर्ज लिहिणारा आणि निर्णय घेणारा यांच्यामध्ये त्या पेटीपुरते कोणीच उभे नव्हते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आज तो अर्ज ‘आरोग्यविषयक सूचना: १’ असा होऊन वर गेला असता, तर रुग्णालय उभे राहिले असते असे मला वाटत नाही.

आकडे नकोत, असे माझे म्हणणे नाही. लाखो लोकांना सेवा देणाऱ्या यंत्रणेला प्रत्येक पत्रक वाचणे शक्य नसते, आणि एका माणसाला खुपलेली गोष्ट हजारांना खुपते की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही. मोजायचे ते नीट मोजावे, एवढेच. ‘समाधानी’ हा शब्द तर फारच फसवा आहे. अनेक पत्रके हाताखालून गेल्यावर माझ्या लक्षात आले की ‘समाधानी’वरची खूण पुष्कळदा सेवेबद्दल नसतेच, सुटका झाल्याची ती खूण असते. चार हेलपाटे घालून पाचव्या खेपेला दाखला मिळालेला माणूस त्या क्षणी खरोखरच समाधानी असतो. कोणी खिडकीवर ओरडला नाही, एवढ्यानेही समाधानी होणारी माणसे असतात, कारण त्यांनी अपेक्षाच तेवढी ठेवलेली असते. उलट ज्याला आपला हक्क नेमका ठाऊक असतो, तो अर्ध्या तासाच्या उशिरासाठीही ‘असमाधानी’वर खूण करतो. म्हणून नुसत्या समाधानापेक्षा घडलेली गोष्ट विचारावी असे मला वाटते. किती वेळा यावे लागले, कोणता कागद दुसऱ्या खेपेला मागितला, कोणाला पैसे द्यावे लागले का, अर्जात कुठे अडायला झाले, या प्रश्नांची उत्तरे माणसाच्या स्वभावावर फारशी अवलंबून नसतात. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये जॉन मेजर यांच्या सरकारने नागरिकांची सनद आणली, तिच्यामागेही असाच एक विचार होता: सेवा कशी आणि किती वेळात मिळेल हे आधी लिहून जाहीर करायचे, म्हणजे लोकांना बोट ठेवून सांगता येते की अमुक इतक्या दिवसांचे वचन होते आणि त्याच्या तिप्पट लागले.

याहून अवघड गोष्ट म्हणजे जे पत्रक भरतच नाहीत त्यांची. मी ज्या पत्रकांचे आकडे भरत होते ती सगळी काम झालेल्या माणसांची होती, कारण पत्रक काम झाल्यावरच हातात दिले जाई. ज्याला ‘हा कागद नाही, उद्या या’ असे सांगून परत पाठवले, जो दुसऱ्या दिवशी आलाच नाही, ज्याने रांग पाहून दारातूनच पाय मागे घेतला, ज्याला असे काही मिळते हेच ठाऊक नव्हते, त्याची मागची बाजूही नाही आणि पुढचीही नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, त्यातल्या २३ लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांच्या आधारे त्यांनी आल्फ्रेड लँडन जिंकणार असे सांगितले. ४८ पैकी ४६ राज्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते काढले होते ते मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांमधून, आणि त्यातही उत्तर पाठवण्याची ज्यांना निकड वाटली त्यांनीच ते पाठवले. २३ लाख हा आकडा केवढा तरी मोठा आहे. पण चुकीच्या दारावर २३ लाख वेळा टकटक केल्याने बरोबर घर सापडत नाही.

हीच चूक नव्या साधनांनी नव्या रूपात होऊ शकते. बोस्टन शहराने रस्त्यांवरचे खड्डे शोधण्यासाठी एक ॲप काढले होते. गाडीत ठेवलेल्या फोनला धक्का बसला की त्या जागेची नोंद आपोआप होई. कोणाला तक्रार लिहायचेही कष्ट नाहीत, इतकी ती सोपी कल्पना होती. पण ज्या वस्त्यांत स्मार्टफोन कमी, जिथे म्हातारी माणसे अधिक, तिथले खड्डे या नोंदीत कमी दिसणार, आणि नोंदीप्रमाणे दुरुस्ती करत गेले तर आधीच बऱ्या असलेल्या रस्त्यांची निगा अधिक राखली जाणार, हे उघड होते. हे ओळखून शहराने ते ॲप आधी स्वतःच्या रस्ते-निरीक्षकांच्या हाती दिले, कारण ते सगळ्याच भागांतून फिरतात. मला या गोष्टीत साधनापेक्षा तो शहाणपणा अधिक मोलाचा वाटतो. कोण बोलत नाही हे आधी पाहायचे, मग कोण काय बोलतो ते ऐकायचे.

दोन ठिकाणच्या प्रयत्नांनी मला या बाबतीत पुष्कळ शिकवले. बंगळूरमध्ये १९९४ साली सॅम्युएल पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरिकांचे प्रगतिपुस्तक काढले. ते कार्यालयाच्या दारात उभे राहिले नाहीत. घरोघरी गेले, आणि गरीब वस्त्यांमधल्या कुटुंबांना वेगळे विचारले. पाणी, वीज, दूरध्वनी, नगरपालिका अशा एकेका यंत्रणेला लोकांनी दिलेले गुण जाहीर झाले, आणि ते गुण फारच वाईट होते. १९९९ मध्ये आणि २००३ मध्ये हेच पुन्हा केले गेले, आणि तिसऱ्या वेळी गुणांत ठळक सुधारणा दिसली. एकदाच विचारून थांबले असते तर ती एक बातमी झाली असती. तेच प्रश्न पुन्हा येणार हे ठाऊक झाल्यावर त्याला परीक्षेचे रूप आले. दुसरा प्रयत्न पाकिस्तानातल्या पंजाबमधल्या झंग जिल्ह्याचा. २००८ च्या सुमारास झुबैर भट्टी या तिथल्या जिल्हा अधिकाऱ्याने जमिनीच्या व्यवहारांसारख्या कामांसाठी आलेल्या लोकांचे फोन क्रमांक नोंदवून घ्यायला लावले आणि त्यातल्या काहींना स्वतः फोन करून विचारले: काम झाले का, कोणी पैसे मागितले का? लाच द्यावी लागलेला माणूस तक्रार घेऊन त्याच कार्यालयात परत येत नाही, कारण पुढचे काम त्याच खिडकीवर पडणार असते. म्हणून इथे तक्रारदाराची वाट न पाहता कार्यालयच त्याच्याकडे गेले. पुढे प्रांताने ही पद्धत अधिक मोठ्या प्रमाणावर राबवली.

काही वेळा तर कोणाकडे जावेही लागत नाही. कार्यालयाच्या दप्तरातच अभिप्राय पडलेला असतो, फक्त त्याला अभिप्राय म्हणत नाहीत. ‘माझ्या अर्जाचे काय झाले?’ असे विचारणारा प्रत्येक फोन सांगत असतो की अर्ज कुठवर आला हे लोकांना कळण्याची सोय नाही. एकाच कारणासाठी शंभर अर्ज परत गेले असतील, तर शंभर माणसे चुकली असे समजण्याआधी अर्जातल्या त्या ओळीची भाषा तपासायला हवी. ऑनलाइन अर्ज कोणत्या पानावर सर्वाधिक लोक अर्धवट सोडतात, हे तर यंत्रच सांगते. माझ्या सहा आठवड्यांत बाजूच्या टेबलावर परत पाठवलेल्या अर्जांचा गठ्ठा माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्याहून उंच होता. तो कोणी अभिप्राय म्हणून वाचल्याचे मी पाहिले नाही, आणि तेव्हा मलाही ते सुचले नव्हते याची आज खंत वाटते.

आणि खिडकीच्या आतली माणसे! त्यांना कोणी विचारत नाही, हे मला सर्वांत अधिक लागते. १९९३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सरकारी सेवांच्या दर्जाविषयी काढलेल्या आदेशात खात्यांना आपल्या सेवा घेणाऱ्यांचे सर्वेक्षण करायला सांगितले होते, आणि त्याच आदेशात लोकांशी प्रत्यक्ष गाठ पडणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही त्यांच्या अडचणी आणि कल्पना विचाराव्यात असे लिहिले होते. हे दुसरे कलम मला पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटते. काच पाहून आल्यावर मी त्या खिडकीतल्या कर्मचाऱ्याशी बोलले. तो म्हणाला, ‘संध्याकाळपर्यंत माझा घसा बसतो. मी तीन वर्षे इथे बसतो आहे. एकच वाक्य दिवसातून कितीदा ओरडावे लागते ते माझे मला माहीत.’ वरच्यांना सांगितलेत का, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘कोणत्या कागदावर सांगू?’ लोकांसाठी निदान पत्रक तरी होते. त्याच्यासाठी तेही नव्हते.

विचारण्याचे ओझेही विसरून चालत नाही. अमेरिकेत १९८० पासून असा कायदा आहे की एखाद्या सरकारी खात्याला दहा किंवा अधिक लोकांना तेच ते प्रश्न विचारायचे असतील तर आधी वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते, कारण लोकांचा वेळ फुकट नाही. या मंजुरीला महिने लागतात आणि त्यामुळे साधी विचारपूसही अडते, अशी तक्रार तिथले अधिकारीच करत आले आहेत, आणि ती मला पटते. तरीही मागचे तत्त्व योग्य आहे: ज्या उत्तराचे काही करायचे नाही, तो प्रश्न विचारू नये. शिवाय काही गोष्टी विचारून कळतच नाहीत, पाहाव्याच लागतात. ब्रिटनमधल्या सरकारी डिजिटल सेवा तयार करणाऱ्यांना तिथल्या मार्गदर्शिकेत सांगितले गेले की चमूतल्या प्रत्येकाने दर सहा आठवड्यांत किमान दोन तास प्रत्यक्ष माणसांना ती सेवा वापरताना पाहावे. प्रत्येकाने, म्हणजे निर्णय घेणाऱ्यानेही. त्या काचेसमोर संबंधित अधिकारी दोन तास सोडा, वीस मिनिटे उभा राहिला असता, तरी पत्रकाची गरज पडली नसती.

तैवानमधले एक उदाहरण मला पुन्हा पुन्हा आठवते. २०१७ च्या मे महिन्यात, कर भरण्याच्या हंगामात, तिथल्या सरकारी सूचना-मंचावर एकाने रागाने लिहिले की कर भरण्याची प्रणाली वापरायला अत्यंत वाईट आहे. मॅक संगणक वापरणाऱ्यांचे हाल तर विशेषच होते, आणि त्याच सुरात इतर अनेकांनी लिहिले. खात्याने खुलासा करून विषय मिटवला असता तर ते नेहमीचेच झाले असते. पण तक्रार करणाऱ्यांनाच बोलावले गेले. करखात्याचे लोक, प्रणाली तयार करणारे आणि चिडलेले वापरकर्ते एका खोलीत बसले आणि अर्जाचा प्रवास पायरीपायरीने भिंतीवर मांडून, कोणत्या पायरीला कोणाचे कुठे अडते ते त्यांनी चिठ्ठ्या लावून पाहिले. पुढच्या वर्षीच्या हंगामात मॅक वापरणाऱ्यांसाठी नवी पद्धत आली. संतापलेल्या माणसाला सेवेची काही फिकीर नसती तर त्याने लिहिलेच नसते, हे त्या अधिकाऱ्यांनी ओळखले. राग हा पुष्कळदा आपुलकीचा शेवटचा टप्पा असतो. त्यानंतर माणूस गप्प होतो, आणि गप्प झालेल्या माणसाची खूण कोणत्याच चौकटीत सापडत नाही.

ज्याने सांगितले त्याला परत कळवणे, ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे. ‘तुम्ही असे म्हणालात, आम्ही हे केले’ किंवा ‘हे आम्हाला करता येत नाही, कारण असे आहे’; नकारही चालतो, पण तो कारणासह यावा. ब्रिटनमध्ये २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘फिक्समायस्ट्रीट’ या संकेतस्थळावर बंद दिवा किंवा उखडलेला पदपथ कोणी कळवला की ती तक्रार संबंधित स्थानिक संस्थेकडे जाते आणि त्याच वेळी सर्वांना दिसते; दुरुस्ती झाली की नाही तेही तिथेच दिसते. पेटीत टाकलेल्या चिठ्ठीचे काय झाले हे टाकणाऱ्यालाही कळत नाही, आणि त्यामुळे पुढच्या वेळी तो लिहीत नाही. इथे शेजारच्यालाही कळते. मात्र जिथे उत्तर देणे हेच उद्दिष्ट होते तिथे एक वेगळा धोका असतो. इतक्या दिवसांत इतक्या तक्रारी निकाली काढायच्या असा दंडक आला की तक्रार ‘निकाली’ निघते आणि खड्डा तसाच राहतो. म्हणून तक्रार मिटली की नाही हे ठरवण्याचा अधिकार तक्रार करणाऱ्याकडे असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी मी आकड्यांचा तक्ता दिला, आणि त्यासोबत एका वेगळ्या कागदावर पत्रकांच्या मागच्या बाजूंवर सापडलेली सगळी वाक्ये जशीच्या तशी उतरवून दिली. एकूण एकतीस वाक्ये होती. कागद घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या परिच्छेदाशी ते खुर्चीत बसले. पुढे त्याचे काय झाले हे मला कळले नाही. माझी मुदत संपली होती.

गेल्या वर्षी माझ्याच एका कामासाठी त्या कार्यालयात जावे लागले. खिडकीवरची काच तीच होती. मात्र फळीवर एक छोटे ध्वनिक्षेपक यंत्र बसवले होते. आतल्याचा आवाज आता उभ्या माणसाच्या कानापर्यंत स्वच्छ येत होता. आपला आवाज आत पोचवायला मात्र अजून वाकावे लागत होते. काम झाल्यावर पत्रक हातात आले. मी चौकटींमध्ये खुणा केल्या, मग पत्रक उलटले. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर मी तारीख घातली, खिडकीचा क्रमांक घातला, आतले ऐकू येते पण बाहेरचे आत जात नाही, यंत्राला बाहेरच्या बाजूनेही माइक लागेल, असे लिहिले, आणि उत्तर पाठवता यावे म्हणून खाली माझे नाव आणि पूर्ण पत्ता लिहिला.